ज्यानं भरलं त्यानं उतरावं

५६ ए.पी.ओ. मार्फत
१४ फेब्रुवारी २०००

तीर्थरूप तातेरावमामांना भुजंगचा दंडवत.

रामकिसनने सायकलच्या दुकानातून हे पाकीट तुमच्या हातात ठेवलं तेव्हा तुम्ही दचकला असाल. धावड्याचं घर सोडून हा पोरगा जाफराबादच्या पत्त्यावर का लिहायला लागला? कारण एवढंच, की घरी आलेलं माझं प्रत्येक पत्र आई तुमच्याकडून वाचून घेते. शिकलेली सून, माझी बेबीनंदा, घरात आहे, तरी तिला वाचायला भावाचाच आवाज लागतो. आणि हे पत्र तिला वाचून दाखवायचं नाही. बेबीनंदालाही नाही.

घरी सगळ्यांना ठाऊक आहे की मी स्टोअरमध्ये ताडपत्र्या मोजतो. मामा, सप्टेंबरपासून मी ताडपत्रीला हात लावलेला नाही. रोज सकाळी फौजेच्या गाड्या निघायच्या आधी आठ किलोमीटर रस्ता आम्ही पायी तपासतो. पुढे कुत्रा, त्याच्या मागे मी आणि माझा जोडीदार थंगराज. कडेच्या मातीत, दगडांच्या ढिगात, नळकांडी पुलाच्या तोंडाशी कोणीतरी बॉम्ब पुरून ठेवलेला असतो. कधी तुपाच्या डब्यात, कधी कुकरात. तो शोधायचा आणि निकामी करायचा, हे माझं काम. आतापर्यंत मी दुसऱ्याच्या हाताखाली होतो. पुढच्या महिन्यापासून पहिला हात माझा.

पुण्याला शिकवलं ते सगळं पाठ आहे. पण तुम्ही वीस वर्षं विहिरींचे सुरुंग उडवले. एखादा उडालाच नाही तर तुम्ही काय करायचे? आणि बाबांचं झालं तेव्हा तुम्ही काठावर होता. मी बारा वर्षांचा होतो, मला एवढंच सांगितलं गेलं की वात जळत असताना ते उतरले, घाई केली. नक्की किती घाई केली, मामा? पाच मिनिटं? दहा? मला तो आकडा हवा आहे. उगाच विचारत नाही, रोज सकाळी चालताना तोच डोक्यात फिरतो.

तुमचा
भुजंग

*

धावडा
२ मार्च २०००

चि. भुजंग यास तात्यामामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आणायला जाफराबादला जायचं तर अक्काला काहीतरी सांगावं लागतं. मी दात दुखतो म्हणून सांगितलं. आता तुझी पत्रं येत राहिली तर तिला वाटेल भावाला पन्नास दात आहेत. जीपमध्ये सतरा माणसं कोंबली होती, त्यात माझ्या मांडीवर कोणाचं तरी बोकड. ते तुझं पत्र खाऊ पाहत होतं. खाल्लं असतं तर बरं झालं असतं, असं वाचल्यावर वाटलं.

अरे, ताडपत्र्या काय वाईट होत्या?

विचारलंस म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात एकच कायदा होता, ज्यानं भरलं त्यानं उतरावं. खडकात पाडलेला होल ज्याने भरला त्यालाच ठाऊक असतं की दारूची कांडी किती खोल गेली, ती पेटवणारी टोपी कशी बसवली, माती किती ठासली. एखादा सुरुंग फुसका गेला तर भरणाराच खाली जाणार. दुसऱ्या कोणी काठावरून पाय सोडला तरी मुकादम आईमाईवरून शिव्या द्यायचा. आणि दुसरी गोष्ट मोजणीची. वाती पेटवून भरणारा वर आला की सगळ्यांनी लांब बसून मोठ्याने मोजायचं. आठ भरले तर आठ वाजले पाहिजेत. सात वाजले तर एक खाली जागा आहे.

तुझं काम मला उफराटं वाटतं. भरणारा पळून गेला, आणि उतरतोस तू. त्याने किती भरले हेही तुला कोणी सांगत नाही. हे पुण्याच्या शाळेत शिकवतात का?

तुझ्या बापाचं विचारलंस. ते पुन्हा कधी. आता जीप गाठायची आहे.

तुझा
तात्यामामा

*

५६ ए.पी.ओ. मार्फत
२१ मार्च २०००

तीर्थरूप मामा,

पहिला झाला. माझ्या हाताने.

परवा सकाळी एका वळणावर कुत्रा बसला आणि उठेना. ओल्या मातीचा एक चौकोन बाकीच्या मातीपेक्षा वेगळा दिसत होता. थंगराज म्हणाला, लगेच दोरीचा आकडा टाकून ओढू. मी म्हणालो, नाही. मामा, मी थांबलो. साठ पावलं मागे एक दगडी बांध आहे, त्याच्या आडोशाला बसलो, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि पूर्ण एक तास बसून राहिलो. सुभेदारसाहेब वायरलेसवरून ओरडत होते, मागे चाळीस गाड्या उभ्या होत्या, तरी हललो नाही. मग जाऊन दोरी-आकडा अडकवला, परत बांधाआड येऊन ओढलं. तुपाचा डबा निघाला. तिथेच उडवून टाकला आणि रस्ता मोकळा म्हणून सांगितलं.

आता पलटणीत माझं नाव 'घंटा' पडलंय, कारण तासाशिवाय मी उठत नाही. त्यांना हसू द्या. बाबांकडे घड्याळ नव्हतं, माझ्याकडे आहे. आपल्या भोकरदन रस्त्यावर पाटी असते ना, अति घाई संकटात नेई? लहानपणी एसटीतून ती दिसली की आई माझा हात घट्ट धरायची. मला तेव्हा वाटायचं ती पाटी सरकारने बाबांसाठीच लावली आहे.

तुमची मोजणी इथे चालत नाही हे खरंच. कोणी किती भरले कोण सांगणार? म्हणून माझा भरवसा थांबण्यावर. मिनिटांचा आकडा तुम्ही सांगितला नाहीत. मी आपला तास धरला.

भुजंग

*

धावडा
९ एप्रिल २०००

चि. भुजंग,

तुझं पत्र वाचून मी रामकिसनच्या दुकानात दोन ग्लास पाणी प्यालो. त्याने विचारलं, दात लई दुखून राह्यला का? मी म्हणालो, हो.

एक डबा निघाला की झालं असं समजत जाऊ नकोस. रस्ता मोकळा म्हणायच्या आधी आजूबाजूला बघ. एक भरणारा माणूस दुसराही भरू शकतो. तू बांधाआड बसलास ते ठीक, पण बसायच्या आधी ती जागा बघितलीस का? मी आपलं विचारतो. मला तिकडचं काय कळतं.

आणि दुसरं असं की गुडघा दुखतो म्हणून सांगता येणार नाही का? फौजेत डॉक्टर असतीलच. गुडघ्याचं दुखणं कोणाला दिसत नाही. माझे दात बघ, किती छान चाललेत.

इकडे अक्का बरी आहे. काल बेबीनंदा चुलीवरून घाईघाईने तवा उतरवताना भाजली, थोडंच. अक्का लगेच म्हणाली, "तुमच्या सासऱ्यावानी करू नका बाई, घाईनंच गेला माझा माणूस." हे वाक्य ती दिवसातून दोन-चारदा म्हणते. मी ओट्यावर बसलेलो असतो. मग मी उठून शेतात जातो. शेतात काही काम नसतं, तरी जातो.

पत्र लवकर टाक.

तात्यामामा

*

५६ ए.पी.ओ. मार्फत
२ मे २०००

मामा,

थंगराजचा पाय गेला. गुडघ्याच्या खालून.

शनिवारी मी रजेच्या अर्जासाठी ऑफिसात होतो, म्हणून तो दुसऱ्या एकाला घेऊन गेला. नळकांडी पुलाच्या तोंडाशी एक सापडला. त्याने बरोबर काढला, उडवला, रस्ता मोकळा सांगितला. मग दोरी गुंडाळत मागे येत होता तेव्हा दुसरा फुटला. काढलेल्या जागेपासून चांगला लांब. दोरी हातात तशीच होती म्हणतात.

मी रात्रंदिवस हाच विचार करतोय. मला वाटतं त्याने घाई केली. पहिल्याला त्याने वीस मिनिटंही दिली नव्हती. कायम असंच करायचा, चल चल म्हणायचा. अगदी बाबांसारखी घाई. मी असतो तर तास बसवलं असतं त्याला. आता मी दीड तास करणार आहे. साहेबांना सांगितलंय, गाड्या उभ्या राहिल्या तर राहू देत.

तुम्ही लिहिलेलं आजूबाजूला बघ वगैरे, ते आम्ही बघतोच मामा. पण आठ किलोमीटरमधला प्रत्येक दगड कोण उलटणार? शेवटी माणसाच्या हातात थांबणंच आहे.

रजा नामंजूर झाली. माणसं कमी आहेत. आईला सांगा ताडपत्र्यांचा हिशोब चालू आहे.

भुजंग

*

धावडा
१७ मे २०००

भुजंग,

आज आशीर्वाद लिहीत नाही. हे पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा चुलीत घातलं. हे चौथं, आणि लिहून झाल्याबरोबर जाफराबादला जाऊन टाकणार आहे.

थंगराजने घाई केली, अगदी बाबांसारखी, असं तू लिहिलंस. तुझ्या बापाने घाई केली नव्हती. ती गोष्ट मी रचली.

चौऱ्याऐंशीचा चैत्र. विहीर माझ्या शेतातली, आणि होल मी भरले. दहा भरले. संध्याकाळी वाती पेटवून वर आलो. दाजी, म्हणजे तुझा बाप, आणि विहिरीतले दगड वर ओढायच्या यारीवरचा वसंता लांब बसून मोजत होते. नऊ वाजले. वसंता म्हणाला, "नऊच झाले, तात्या." मी म्हणालो, "दोन जोडीनं वाजले. माझा होल फुसका जात न्हाई." मला माझ्या हाताचा गर्व होता. पंचक्रोशीत माझ्यासारखा भरणारा नाही असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकायला चहाच्या टपरीवर बसायचो.

रात्र गेली. सकाळी दहाच्या सुमाराला विहिरीवर गेलो तर तळाशी पाणी. आपल्या घरातली रीत तुला ठाऊक आहे, नव्या विहिरीचा पहिला तांब्या जावयाने भरून वर पाठवायचा आणि मग नारळ फोडायचा. धंद्याच्या कायद्याने मी उतरायचं, घरच्या रीतीने दाजींनी. दाजी म्हणालेसुद्धा, "तातेराव, ज्यानं भरलं त्यानं उतरावं. तुम्ही एकदा तळ बघून या, मंग मी जातो." मी हसलो. नवं धोतर नेसलो होतो, चिखलात जायचं जिवावर आलं होतं. मी म्हणालो, "दाजी, आज मान तुमचा. रातभर थंड झालंय सगळं."

ते उतरले. तांब्या भरून दोरीने वर पाठवला. खालून म्हणाले, झऱ्याच्या तोंडावर एक दगड बसलाय, पहार सोडा. पहार मीच सोडली. तांब्या माझ्या हातात होता, पाणी अजून गढूळ होतं, तेव्हा खाली पहारीचा घाव बसला आणि दहावा वाजला.

होल भरायचा परवाना माझ्या नावावर नव्हता, माझ्या चुकीने माणूस गेला म्हटलं असतं तर तुरुंगच होता. पोलीस जमादार आला, तेव्हा मी सांगितलं की सकाळी आणखी एक होल भरून पेटवला होता, दाजींनी ऐकलं नाही, वात जळत असताना उतरले. वसंता गप्प राहिला. पुढच्या वर्षी तो जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये लागला आणि गावाकडे फिरकला नाही. मी ठरवलं होतं की तेरावं झालं की अक्काला खरं सांगायचं. तेराव्याला ती म्हणाली, "तात्या, तू व्हतास म्हणून बरं, न्हाईतर माझ्या लेकराकडं कोण बघणार?" मग माझी जीभ उचलली नाही. ती आजपर्यंत उचलली नाही.

हे सगळं आता का लिहितो ते नीट वाच. तुझा बाप सोळा तास थांबला होता. थांबल्याने दारू मरत नाही, भुजंग. तू माझ्या खोट्याच्या आधाराने घड्याळ मांडीवर घेऊन बसतोस. ते घड्याळ फेकून दे. दीड तास काय, दीड दिवस बसलास तरी दुसरा जिथे आहे तिथे आहेच. तुला भरणारा दिसत नाही, म्हणून तूच भरणारा हो. मनातल्या मनात त्याच्या जागी उभा राहा आणि विचार कर, मी असतो तर दुसरा कुठे भरला असता? कोणासाठी? रोज इथे येणारा माणूस कसा चालतो, कुठे बसतो, हे तो डोंगरावरून बघत असणार. तुला तुझ्या सवयीसकट तो ओळखतो. मी भरणारा होतो म्हणून सांगतो.

मला शिव्या दे. पण आधी हे कर.

तातेराव

*

जाफराबाद
२० जून २०००

भुजंग,

रामकिसनच्या दुकानात बसून लिहितोय. सहावी खेप आहे. तुझं काही नाही. एसटीडीवरून तुमच्या ऑफिसचा नंबर लावायचा प्रयत्न केला, एक बाई हिंदीत काहीतरी सांगत राहिली. अक्का विचारते, पोराचं पत्र का येईना? मी म्हणतो, टपाल संपावर आहे. बेबीनंदा माझ्याकडे नुसती बघते. तिला पेपर वाचता येतो, आणि त्यात संप नाही.

राग आला असेल तर नुसता कोरा कागद पाठव. पत्त्यावर तुझं अक्षर दिसलं तरी पुरे.

तातेराव

*

५६ ए.पी.ओ. मार्फत
२८ जून २०००

मामा,

तुमचं पत्र मला एक जूनला मिळालं. उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता लिहितोय त्याला कारण आहे.

पंधरा दिवस मी घरी एक ओळ लिहिली नाही. काम करत होतो, पण चित्त जागेवर नसायचं. आयुष्यभर मी एका घाई करणाऱ्या माणसाचा मुलगा होतो. शाळेत पाटी फुटली तर बापासारखा, सायकलवरून पडलो तर बापासारखा. फौजेत शांत डोक्याचा म्हणून नाव मिळालं ते मी बाबांविरुद्ध मिळवलं होतं. आणि ते तर म्हणाले होते, तुम्ही आधी तळ बघून या. ते बरोबर होते. त्यांना कोणी बरोबर म्हणालंच नाही.

एकोणीस जूनला त्याच वळणावर कुत्रा पुन्हा बसला, मार्चमध्ये बसला होता तिथेच. माझे पाय आपोआप मागे वळले, साठ पावलं, बांधाकडे. घड्याळ हातात आलंसुद्धा होतं. नव्या जोडीदाराने पाण्याची बाटलीही काढली होती बसायला. तेवढ्यात तुमचं अक्षर डोळ्यासमोर आलं. कुठे बसतो हे तो बघत असणार. मी जोडीदाराची कॉलर धरून त्याला रस्त्यावरच उभा केला. आणि विचार केला, मला घंटाला मारायचं असेल तर मी कुठे भरेन? घंटा तर एकाच ठिकाणी तासभर बसतो.

बांधाच्या आडोशाला, मी बसतो त्या सपाट दगडाखाली, पाच लिटरचा कुकर होता. वळणावरचा डबा फसवा होता, मामा. त्यात नुसते खिळे आणि माती होती, कुत्र्याला वास यावा म्हणून वरून चिमूटभर दारू चोळलेली. तो मला बांधाआड पाठवण्यासाठीच ठेवला होता.

दोन्ही काढले. रात्री सुभेदारसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि विचारलं, तुला कसं सुचलं? मी म्हणालो, माझ्या मामांनी शिकवलं. खोटं बोललो नाही. पण ते म्हणताना तोंड कडू झालं.

तुमच्या पत्राने माझा जीव वाचला. आणि तुमच्या तोंडून आलेल्या पहिल्या गोष्टीनेच तो जाणार होता. हे दोन्ही खरं आहे आणि मला दोन्हीचं काय करायचं ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र कळते. आईला सांगा. माझ्या ताडपत्र्यांसकट सगळं सांगा, मीही लपवलं आहे, मी कोणी साव नाही. पंधरा ऑगस्टला मला रजा मिळतेय. तोवर तुम्ही सांगितलं नसेल तर मी येऊन सांगेन, आणि मग तुमच्या दारासमोरून जाईन पण आत येणार नाही.

भुजंग

*

धावडा
१२ जुलै २०००

बाळा भुजंग,

मी तुझी आई बोलून राह्यले. लिहितो तात्याच. त्याला म्हणलं, मी सांगते तेवढंच लिही, माझ्यातलं काही गाळू नको आन तुझ्यातलं काही घालू नको.

परवाच्या दिशी सकाळी आला. मी ज्वारी निसत व्हते. उभ्यानंच सगळं सांगितलं, खाली बसला न्हाई. तुझं बी सांगितलं. मी सूप ठेवलं न्हाई, निसतच राह्यले. सगळं झाल्यावर बघते तर चांगले दाणे खड्यात आन खडे दाण्यात. बेबीनंदानं ती ज्वारी पुन्हा निसली.

आधी तुझं बोलते. तू ताडपत्र्या मोजत न्हाईस हे मला फार आधीच समजायला पाह्यजे व्हतं, कारण मागच्या दिवाळीला आलतास तव्हा बैलगाडीतून उतरताना बी आधी खाली मातीकडं बघायचास. मला वाटलं पैसे हरवले. आता मी तुला नोकरी सोड म्हणणार न्हाई. म्हणावं वाटतं. पण कोणीतरी भरून ठेवलंय तिथं कोणीतरी उतरणारच, आन तुला ते जमतं. मला खोटं मातर सांगू नको. मला झोप न्हाई आली तर न्हाई आली, माझी मी जागीन.

आता तात्याचं. त्यानं पाय धरले. मी पाय मागं घेतले. माफ केलं का म्हणून विचारू नको, माझं मलाच कळून न्हाई राह्यलं. कधी वाटतं, ह्यानंच माझं लेकरू वाढवलं. कधी वाटतं, ह्यानंच मला सोळा वर्सं माझ्या माणसाशी भांडायला लावलं. दर पित्तराला पान वाढून मी त्याला बोलायचे, म्हणायचे, तुमाला काय जल्दी व्हती? मेलेल्या माणसाला जेवताना बोलायचे. हे लिही, तात्या. थांबू नको, लिही.

(इथं तो थांबलाय. मी बसलेय. मला घाई न्हाई.)

मंग मी असं ठरवलं. त्यानं खोटं गावभर सांगितलं तसं खरं बी गावभर सांगायचं. काल सकाळपासून मी त्याला घेऊन फिरून राह्यले. पिठाच्या गिरणीवर, मारुतीच्या पारावर, साळूबाईच्या घरी, शाळेच्या मास्तराकडं. दारात उभं राहायचं आन सांगायचं की माझा दाजी कचरू घाईनं मेला न्हाई, माझ्या मोजणीनं मेला. मी नुसती बाजूला उभी राहते. एकवीस घरं झाली. कोणी पाणी देतं, कोणी तोंड फिरवून घेतं. एक म्हातारा म्हणला, द्वारकाबाई, जाऊ द्या, लई वर्सं झाली. मी म्हणलं, तुमाला झाली असतील. उद्या जालन्याला जातो, वसंता ज्या मिलमध्ये हाय तिथं. त्याला बी ऐकवायचं, त्यानं बी तोंड उघडावं.

तू पंधरा ऑगस्टला ये. तात्या मामा हाय, त्याच्या घरी जायचं का न्हाई ते तू ठरव. मी जाते का न्हाई ते मी ठरवीन. पण आल्यावर तुझ्या बापाला एकदा बरोबर म्हण. मोठ्यानं म्हण.

शेवटचं. तुझा बाप घाईचा न्हवता. लिहिलं म्हणतो. पुन्हा लिही म्हणलं. तुझा बाप घाईचा न्हवता.

तुझी आई
द्वारकाबाई

ता. क. हे माझं अक्षर आहे, बेबीनंदाचं. ताडपत्र्यांबद्दल माझं पत्र वेगळं येतंय. आठ पानं झालीत, अजून संपलेलं नाही, तेव्हा मन घट्ट करून ठेवा. आईंनी आज पहिल्यांदा पत्र मामांऐवजी माझ्याकडून वाचून घेतलं, हेच पत्र. मामा ओट्यावर बसले होते, त्यांच्यासमोरच. शेवटचं वाक्य खरंच दोनदा लिहिलंय का, असं आईंनी मला दोनदा विचारलं. मी हो म्हणाले. मग त्यांनी पाकीट आपल्या हाताने चिकटवलं आणि पेटीत टाकायला स्वतः गेल्या.